वैद्यकीय संशोधकाचे मोल कशाने मोजावे?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, राजकारण असे रसाळ विषय आपण नित्य ऐकता. त्या मानाने आमचा आजचा विषय रुक्ष वाटेल. संशोधकाचे निबंध किती आणि त्या निबंधांचा इतरांनी उल्लेख किती वेळा केला, हा हिशेब महाविद्यालयाच्या कचेरीत व्हावा. वैशाखातल्या उकाड्यात नागरिकांनी तो का ऐकावा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीतील प्रत्येक औषधामागे कोणा ना कोणा संशोधकाचा निबंध उभा असतो. तो निबंध खरा की खोटा, तो लिहिणाऱ्याला पुढे काम करू दिले की बाजूस सारले, यावर अखेर आपल्या मुलाबाळांचे जीवित अवलंबून असते. संशोधकाला मोजण्याचा काटा खोटा असेल तर त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते.

हा काटा आला कोठून? सभेत वकील मंडळी बसली आहेत. त्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. न्यायालयात जुना निवाडा पुढे करताना तो निवाडा नंतरच्या न्यायाधीशांनी उचलून धरला की फिरवला, हे पाहावे लागते. अमेरिकेत शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३ मध्ये अशा उल्लेखांची सूचीच काढण्यास प्रारंभ केला. त्या सूचीवरून युजीन गारफिल्ड या ग्रंथसूचीकाराला कल्पना सुचली. निवाड्यांप्रमाणे शास्त्रीय निबंधांचीही सूची का करू नये? कोणता निबंध पुढे कोणी कोणी आधाराला घेतला, हे एका ठिकाणी सापडले तर संशोधकाचा शोध किती सुकर होईल! ही कल्पना त्याने १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली, १९६० मध्ये फिलाडेल्फियात संस्था काढली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या नावाने सूची प्रसिद्ध केली. मूळ हेतू वाट दाखवण्याचा होता, गुण देण्याचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

पण मोजता येते ते मोजण्याचा मोह माणसाला आवरत नाही. सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी गारफिल्डने एक सरासरी काढली: मागील दोन वर्षांत एखाद्या नियतकालिकाने जितके लेख छापले, त्यांचा चालू वर्षात सरासरी किती वेळा उल्लेख झाला. हाच तो सुप्रसिद्ध ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. तो नियतकालिकाचा आकडा. त्यात छापलेल्या एकेका लेखाचा नव्हे. एखाद्या वर्गाचे सरासरी गुण सत्तर आले, म्हणून त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला सत्तर देऊन टाकावेत, असे कोणी शिक्षक करील काय? संशोधकांच्या बाबतीत मात्र जगभर नेमके तेच होऊ लागले.

पुढे २००५ मध्ये होर्ग हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने व्यक्तीसाठी आकडा सुचवला; त्याला ‘एच-निर्देशांक’ म्हणतात. तो समजण्यास सोपा आहे. तुमचे दहा निबंध असे असतील की प्रत्येकाचा निदान दहा वेळा उल्लेख झाला आहे, तर तुमचा आकडा दहा. वीस निबंध निदान वीस वेळा, तर वीस. यातली मेख पाहा. एखाद्याने आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाचा हजार वेळा उल्लेख झाला, तरी त्याचा आकडा तीनच राहणार! आणि ज्याने तीस मध्यम निबंध लिहून प्रत्येकाला तीस उल्लेख मिळवले, तो त्याच्या दसपट मोठा ठरणार. सातत्याने पीक काढणाऱ्याची नोंद या काट्यावर होते. ज्याने एकदाच विहीर खणली आणि गावाची तहान भागवली, त्याची होत नाही.

आता एका विहीर खणणाऱ्याची गोष्ट सांगतो.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यास येऊन पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू निश्चित केला. हा जंतू काही विष तयार करीत असावा, असा तर्कही त्याने मांडला. परंतु पुढे पाऊणशे वर्षे ते विष कोणाच्या हाती लागले नाही. संशोधक जंतू जनावरांच्या शिरेत टोचीत, पोटाच्या पोकळीत टोचीत, आणि पटकीसारखे काही घडले नाही की निराश होत. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी निराळा विचार केला. रोग आतड्यात होतो, तर पाहावे तेही आतड्यातच. हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात १९१५ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ लंडनहून पीएच्. डी. घेऊन १९४९ मध्ये मायदेशी परतले होते. सशाच्या आतड्याचा एक तुकडा जागच्या जागी दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा आणि त्यात जंतू सोडायचे, अशी त्यांची रीत. तुकडा पाण्याने टरारून फुगला! १९५३ मध्ये त्यांनी व चटर्जी यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. मग १९५९ मध्ये जंतू पूर्णपणे गाळून काढलेला नुसता रस त्यांनी तशाच तुकड्यात घातला. तरीही आतडे फुगले. जंतू नाही आणि रोगाचे लक्षण मात्र आहे, याचा अर्थ विष आहे आणि ते आतड्याच्या आतूनच काम करते. हा निबंध लंडनच्या ‘नेचर’ने छापला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर प्रयोग करून स्वतंत्रपणे पटकीच्या विषाचे कार्य दाखवले, हेही महाराष्ट्राने विसरू नये.

डे यांच्या शोधाने पटकीकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. आतडे कुजत नाही, नष्ट होत नाही. विषामुळे ते पाणी बाहेर टाकीत राहते आणि रोगी शरीरातील पाणी व क्षार गमावून दगावतो. मग गेलेले पाणी व क्षार भरून काढले की रोगी वाचतो, या उपचाराला पक्की शास्त्रीय बैठक मिळाली. १९७१ मध्ये बांगला देशाच्या निर्वासितांची रीघ लागली असता दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत साखरमिठाचे पाणी तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते ३.६ वर आणले. आज जुलाब लागलेल्या बाळाला आपण जी ‘ओआरएस’ची पुडी पाण्यात कालवून देतो, ती याच परंपरेतली.

एवढे मोठे काम करणाऱ्याचे देशाने काय केले? काही केले नाही. डे १९७३ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले. भारतातील एकाही विज्ञान-अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही; मोठा म्हणावा असा एकही भारतीय सन्मान त्यांना हयातीत लाभला नाही. १९७८ मध्ये स्वीडनहून पटकीविषयक नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, तेव्हा निवृत्तीला पाच वर्षे उलटली होती. नोबेल-विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचवले होते. १९८५ च्या एप्रिलमध्ये ते वारले. त्यांच्या निबंधांची एकूण संख्या आजच्या हिशेबाने लहानच. आजच्या एखाद्या निवड समितीपुढे ते उभे राहिले असते, तर ‘उमेदवाराचे प्रकाशन अल्प आहे’ असा शेरा मिळण्याचीच शक्यता अधिक.

परंतु गोष्ट येथे संपत नाही; तिचे दुसरे अंग आता सांगतो, आणि आमच्या विषयाचा गाभाही तोच आहे. मृत्यूनंतर एका वर्षाने, १९८६ मध्ये, त्यांच्यावर सविस्तर लेख लिहून त्यांचे काम जगापुढे मांडणारा गृहस्थ कोण होता? तोच फिलाडेल्फियाचा युजीन गारफिल्ड! पटकीच्या संशोधनाचा नकाशा त्याने उल्लेखांच्या आधारे काढला, आणि कलकत्त्याच्या या माणसाकडे किती वाटा जाऊन मिळतात ते त्याला दिसले. देशी अकादम्यांच्या डोळ्यांना जे दिसले नाही ते परक्या सूचीला दिसले. आकड्याला नातेगोते नसते, प्रांत नसतो, कोण कोणाचा शिष्य हेही त्याला ठाऊक नसते. तेव्हा आकडे जाळून टाका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उल्लेखांची सूची हा कंदील आहे. अंधारात हरवलेला माणूस तिच्या उजेडात सापडतो. बिघाड होतो तो कंदिलाचा कोणी तराजू करू पाहतो तेव्हा.

तराजू म्हणून तो कसा चुकतो याची तीन उदाहरणे देऊन पुढे जातो.

पहिले असे. जगात सर्वांत अधिक उल्लेख झालेला निबंध कोणता? १९५१ मध्ये ऑलिव्हर लोरी व सहकाऱ्यांनी लिहिलेला. द्रावणातील प्रथिने मोजण्याची कृती त्यात आहे. २०१४ मध्ये त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेलेले होते. स्वतः लोरी यांना मात्र तो काही थोर निबंध वाटत नसे. कृती सोयीची, म्हणून ज्याने त्याने वापरली आणि ज्याने त्याने लिहिले. पोळपाट रोज लागतो म्हणून तो देव्हाऱ्यातल्या मूर्तीहून थोर ठरत नाही.

दुसरे उदाहरण भयंकर आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांनी बारा मुलांची हकिगत छापली आणि गोवराच्या लसीचा संबंध ‘ऑटिझम’शी असल्याचा संशय पेरला. लोकांनी मुलांना लस टोचणे थांबवले. आटोक्यात आलेला गोवर पुन्हा फैलावला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला. त्याचे उल्लेख हजारावर झाले आहेत, पण त्यांतील बहुतेक त्याला खोटे पाडणारे! आकड्यात निंदा आणि स्तुती एकाच भावाने तोलल्या जातात.

तिसरे उदाहरण संख्येच्या हव्यासाचे. जपानमधील योशिताका फुजी हे भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेनंतरची ओकारी थांबवणाऱ्या औषधांवर त्यांनी निबंधामागून निबंध लिहिले. २०१२ मध्ये तेथील भूलतज्ज्ञांच्या संस्थेने त्यांचे २१२ निबंध तपासले, तेव्हा त्यांतील १७२ बनावट ठरले. तोवर किती वर्षे त्या निबंधांवर विसंबून डॉक्टरांनी रोग्यांना औषधे दिली असतील? मोजणाराने पाने उघडली असती तर हा मनुष्य इतका लांब पोचला नसता.

आता घराजवळ येऊ. आपल्या कोकणात विंचू चावून माणसे पटापट मरत, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. लाल विंचवाच्या विषाने हृदय कसे खचते, फुप्फुसात पाणी कसे भरते, हे त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून टिपले आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे ‘प्राझोसिन’ हे स्वस्त औषध या रोग्यांना तारते, असे त्यांनी दाखवले. शंभरात तीस-चाळीस दगावत, तेथे हे प्रमाण एकाच्या खाली आले. २०२२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पण त्यांच्या निबंधांचा उल्लेख करणार कोण? ज्या श्रीमंत देशांत प्रयोगशाळा गजबजलेल्या आहेत तेथे लाल विंचू नाही. खाचरातल्या मजुराचा रोग जगाच्या बाजारात चालत नाही; म्हणून त्या रोगावर लिहिणाऱ्याचा आकडाही फुगत नाही. एकाच फुटपट्टीने कर्करोगावर लिहिणारा आणि विंचवावर लिहिणारा मोजला, तर तो न्याय नव्हे.

आणखी एक गंमत पाहा. १९५२ मध्ये मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटासा निबंध लिहिला आणि रक्ताचा एक विरळा प्रकार जगास कळवला. आज त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. शोध इतका सर्वमान्य झाला, की पुष्कळ जण मूळ निबंधाचा उल्लेखही न करता नुसते नाव घेतात. ज्ञान हाडीमाशी खिळले की त्याची मोजदाद थांबते. दुधात साखर विरघळल्यावर कण कोण मोजणार?

सज्जनहो, दुसऱ्यांचे दोष सांगून स्वतः नामानिराळे राहणे आम्हांला शोभणार नाही. आम्ही एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत होतो. त्या काळी एका निवड समितीत बसण्याचा प्रसंग आमच्यावर आला. दोन उमेदवार होते. एकाची यादी चाळीस निबंधांची. दुसऱ्या बाईंचे निबंध चार. यादी पाहूनच आम्ही गुण मांडले. बेरीज अर्ध्या तासात संपली आणि चहा आला. पुढे कित्येक महिन्यांनी त्या बाईंच्या चारांपैकी एक निबंध आम्ही सहज वाचला. खेड्यातल्या बाळंतिणींच्या अंगातील रक्त का घटते, हे त्यांनी दारोदार हिंडून, वर्षानुवर्षे नोंदी ठेवून लिहिले होते. मग आम्ही त्या चाळिसांतले काही निबंध मागवून वाचले. एकच नोंदवही पाच तुकडे करून पाच ठिकाणी छापलेली होती, आणि निम्म्या निबंधांवर ज्यांनी रोग्याला हातही लावला नव्हता अशा वरिष्ठांची नावे मानाने घातलेली होती. तोवर बाई ते काम सोडून गेल्या होत्या. त्या समितीत कोणी लाच घेतली नव्हती, कोणी कोणाचा पक्ष केला नव्हता. आम्ही फक्त वाचले नव्हते. तो अपराध आजही आमच्या मनाला टोचतो. आजचे व्याख्यान त्याचेच प्रायश्चित्त समजा हवे तर.

बढतीसाठी इतके निबंध हवेतच, अशी अट घातली की निबंधांचा बाजार उभा राहणारच. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतही ती शिरली, आणि २०१८ मध्ये एकाच वेळी ४,३०५ नावे त्या यादीतून काढावी लागली! पुढे पुण्याच्या विद्यापीठात चाळणीचे काम सोपवून नवी यादी केली. तीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. यादी कितीही शुद्ध केली तरी तिच्या आधाराने न वाचता निवाडा करण्याची खोड जोवर जात नाही, तोवर नवी पळवाट निघत राहणार.

मग करावे काय? जगातील जाणत्या लोकांनी याचा विचार केला आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी व शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा तयार केला: नियतकालिकाच्या सरासरीवरून व्यक्तीची पारख करू नये. आमच्या अल्पमतीप्रमाणे याहून साधा नियमही पुरेल. उमेदवाराने आपले सगळे निबंध मांडू नयेत. स्वतःला उत्तम वाटतात असे तीन-चार मांडावेत, आणि समितीने ते वाचावेत. प्रत्येक निबंधात त्याने स्वतः काय केले ते विचारावे. त्या कामाने कोणता रोग समजला, कोणता उपचार सुधारला, कोणती चुकीची समजूत गेली, हे विचारावे. आणि हे झाल्यावर, मग खुशाल आकडे पाहावेत. वाचून झालेले मत आणि आकडा यांचा मेळ बसला नाही, तर आपण काही चुकलो काय हे पुन्हा तपासावे. डे यांच्या बाबतीत गारफिल्डच्या आकड्यांनी हेच केले असते. अकादम्यांना जागे केले असते. आकडा हा साक्षीदार आहे. साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आपण नागरिकांनीही यात काही करण्याजोगे आहे. आपल्या मुलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आपल्या करांतून चालणाऱ्या रुग्णालयात, ‘आमच्याकडे इतके निबंध छापले’ अशी जाहिरात होते, तेव्हा सभेत उभे राहून एकच प्रश्न विचारा: त्यांतला एखादा आम्हांला समजेल अशा मराठीत सांगता काय? ज्याने खरोखर काही शोधले आहे तो आनंदाने सांगेल. सशाचे आतडे दोऱ्याने कसे बांधले, विंचू चावलेल्या मजुराची नाडी कशी लागली, हे सांगताना त्याचे डोळे चमकतील. आणि ज्याच्याजवळ नुसती यादी आहे तो आकडा पुन्हा एकदा वाचून दाखवील.

उद्या आपल्या घरात एखादे बाळ जुलाबाने मलूल झाले आणि त्याच्या आईने पुडी फोडून पाण्यात कालवली, तर त्या वाटीत कलकत्त्याच्या एका उपेक्षित माणसाचे कष्ट आहेत, एवढे तिला सांगा.